दुःखाचं चित्र काढू नका, खुर्चीचं काढा

मन खराब असलं की एक सल्ला हमखास मिळतो, चित्र काढ, काहीतरी लिही, मनातलं सगळं कागदावर उतरव, बघ कसं मोकळं वाटेल. देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला काडीचाही संशय नाही. पण त्यात एक मोठी गोची आहे, उतरवायला आत काहीतरी असावं लागतं ना. डिप्रेशनमध्ये (निदान डॉक्टरांनी केलंय, नेटवर वाचून मी स्वतःला चिकटवून घेतलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते) कित्येकदा दुःखसुद्धा नसतं हो. रडू येत नाही, राग येत नाही, नुसतं सगळं सपाट. आणि माझ्या बाबतीत कारण पण काही नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, घरचे जीव लावणारे, काम ठीकठाक, त्यामुळे "तुला काय कमी आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं आणि उत्तर नाही म्हणून अजूनच अपराधी वाटायचं. अशा माणसापुढे कागद ठेवून "हं, आता व्यक्त हो" म्हटलं तर काय होणार, कागद पण कोरा आणि माणूस पण कोरा.

तरी मी केलं व्यक्त व्हायचा प्रयत्न. गुडघ्यात डोकं घालून बसलेली मुलगी, मागे काळे ढग. एक डोळा, त्यातून ओघळणारा थेंब. पिंजरा. हे सगळं मी काढलंय आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी काढलं असणार, लाजायचं काही नाही त्यात. पण खरं सांगायचं तर ते काढून झाल्यावर मला हलकं वगैरे काही वाटायचं नाही. उलट अर्धा तास मी त्याच त्याच गोष्टीभोवती फिरत बसलेली असायचे, फक्त डोक्यात फिरण्याऐवजी हातात पेन्सिल घेऊन. उगाळणं ते उगाळणंच, मग ते डोक्यात करा नाहीतर कागदावर.

फरक पडला तो खुर्चीमुळे. लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर कोणीतरी टाकलेला शर्ट. मला काही सुचत नव्हतं, झोप येत नव्हती, आणि ती खुर्ची समोर होती, एवढंच. फार पूर्वी चित्रकलेच्या क्लासमध्ये शिकवलेला एक प्रकार आठवला, ब्लाइंड कॉन्टूर. नजर वस्तूच्या कडेवर, पेन्सिलचं टोक कागदावर, आणि कागदाकडे अजिबात बघायचं नाही. डोळा जेवढ्या वेगाने कडेवरून सरकेल तेवढ्याच वेगाने हात. जणू एक मुंगी त्या कडेवरून चालतीये आणि तुम्ही तिच्या मागे मागे, ती थांबली की थांबायचं, ती वळली की वळायचं.

शर्टाची एक बाही सरळ खाली लोंबत होती आणि दुसरी खुर्चीच्या हातावर पडून मध्येच मोडली होती. त्या मोडीतून सुरकुत्या फुटत होत्या, एकाच ठिकाणाहून निघून पसरत जाणाऱ्या, वरची खोल, खालची अगदी पुसट, आणि पुसट सुरकुती नक्की संपते कुठे हे शोधताना कळतं की ती संपतच नाही, कापडाच्या सावलीत मिसळून जाते. कफाचं बटण अर्धवट निघालेलं, दोऱ्यावर लटकत होतं. कॉलर आत दुमडलेली. कागदावर जे उमटलं ते भयंकर होतं, बाही खुर्चीपासून चार बोटं लांब, खुर्चीला तीनच पाय आणि त्यातला एक शर्टाच्या आतून बाहेर आलेला. मी बघितलं आणि हसले. मोठ्याने नाही, पण हसले. आणि मग जाणवलं की मधला बराच वेळ मी स्वतःबद्दल काहीच विचार केला नव्हता. ज्यांनी महिनोन्महिने स्वतःच्याच डोक्याचा आवाज ऐकलाय त्यांना कळेल ही केवढी मोठी सुट्टी असते ते.

हे माझंच काहीतरी वेगळं असेल असं आधी वाटलेलं. पण नंतर वाचताना सापडलं की यावर प्रयोगसुद्धा झालेत. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आधी वाईट वाटेल असं काहीतरी आठवायला किंवा बघायला लावलं, मग काहींना सांगितलं की जे वाटतंय तेच चित्रात काढा, आणि काहींना सांगितलं त्याच्याशी अजिबात संबंध नसलेलं काहीतरी काढा. तर दुसऱ्या गटाचा मूड जास्त सुधारला. २०१३ मध्ये त्यांनी लहान मुलांवरही असाच अभ्यास प्रसिद्ध केला, निकाल तोच. म्हणजे "मनातलं सगळं ओतून टाक" पेक्षा "जरा दुसरीकडे बघ" जास्त कामाला आलं, निदान तेवढ्या वेळापुरतं तरी.

आता "तेवढ्या वेळापुरतं" हे महत्त्वाचं आहे, कारण लिहिण्याच्या बाबतीत उलटी गोष्टही खरी आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८६ चा अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटना आणि त्यामागच्या भावना असं दोन्ही लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. हे सगळे सांगतात. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा जास्त वाईट वाटत होतं, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे मला वाटतं मनातलं उकरून काढायचं असेल तर त्यासाठी अंगात थोडं बळ असलेला दिवस निवडावा. आणि जमलं तर काउन्सेलर किंवा कोणीतरी जवळचं माणूस हाताशी असावं. रात्री दोन वाजता, एकटं, झोप नसताना, हे करायचं काम नाही. त्या वेळी खुर्ची बरी.

रात्रीचं म्हणाल तर लुईझ बुर्ज्वा ही शिल्पकार आयुष्यभर निद्रानाशाने हैराण होती, आणि १९९४-९५ च्या काही महिन्यांत रात्री जागून तिने २२० चित्रं काढली. ऐंशी ओलांडलेली बाई. त्यातली कित्येक तर नुसत्या रेघा आणि वळसे, एकाशेजारी एक, परत परत. मला ती बघताना फार धीर येतो, कारण त्यात काही सांगायची घाई दिसत नाही, हात चालू ठेवलाय एवढंच दिसतं.

याउलट ज्या एका गोष्टीचा मला मनापासून वैताग आहे ती म्हणजे "वेदनेतूनच खरी कला जन्माला येते" हे. आणि उदाहरण कोणाचं, तर व्हॅन गॉगचं. आता त्याचं बघा. मे १८८९ ते मे १८९० हे वर्षभर तो फ्रान्समध्ये सां-रेमीच्या मनोरुग्णालयात होता, तिथे त्याने जवळपास दीडशे पेंटिंग्ज केली, हे खरंच आहे. पण झटका यायचा तेव्हा तो काम करू शकायचा नाही. झटक्यात त्याने रंग गिळले होते, म्हणून काही काळ त्याच्याकडून रंग काढून घेतले आणि त्याला नुसत्या ड्रॉइंगवर भागवावं लागलं. ती चित्रं झाली दोन झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत. आणि त्या बऱ्या दिवसांत तो काढत काय होता? पहिले काही आठवडे आवाराबाहेर जायची परवानगी नव्हती तेव्हा त्याने आवारातली बाग काढली, फुलझाडं काढली, खिडकीतून दिसणारं शेत काढलं. म्हणजे समोर जे होतं ते. आजाराने त्याला चित्रं दिली नाहीत, आजाराने त्याचे कामाचे दिवस खाल्ले. आणि चित्रांनी त्याला वाचवलं असंही नाही म्हणता येत, तिथून बाहेर पडल्यावर अडीच महिन्यांतच तो गेला, सदतीस वर्षांचा. त्यामुळे कोणी गोळ्या चालू असलेल्या माणसाला "गोळ्यांनी तुझी क्रिएटिव्हिटी जाईल" असं ऐकवायला लागलं ना की माझं डोकं सणकतं. माझा अनुभव सांगते, गोळ्या सुरू व्हायच्या आधी माझी क्रिएटिव्हिटी गादीवर पडून छताकडे बघत होती.

पण मग ज्यांचं दुःख खरंच आहे, नाव-गाव-चेहरा असलेलं, त्यांनी पण खुर्चीच काढत बसायची का? एका मैत्रिणीने मला हे विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता तिचा. तिचा भाऊ गेलाय. तिला सपाट वगैरे वाटत नाही, तिला आत आग आहे.

तिला मी केटे कोल्विट्झबद्दल सांगितलं. जर्मन चित्रकार आणि शिल्पकार. पहिल्या महायुद्धात तिचा धाकटा मुलगा पीटर स्वेच्छेने सैन्यात गेला, वय कमी असल्यामुळे वडिलांची परवानगी लागत होती आणि वडील तयार नव्हते, तर तिने नवऱ्याला समजावलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला, अठरा वर्षांचा. त्याच वर्षाच्या शेवटी तिने त्याच्या स्मारकावर काम करायला घेतलं. आधी कल्पना होती की मुलगा आडवा पडलेला आणि आईबाप त्याच्यापाशी. ते काही केल्या जमेना. १९१९ मध्ये तिने ते काम सोडून दिलं. काही वर्षांनी परत हातात घेतलं. शेवटी ते बसवलं गेलं १९३२ मध्ये. अठरा वर्षं, म्हणजे मुलाचं जेवढं आयुष्य तेवढीच. आणि त्या शिल्पात मुलगा नाहीचे. फक्त गुडघ्यावर बसलेले आईवडील, दोघं एकमेकांपासून वेगळे, प्रत्येक जण आपापल्या दगडात. आईने अंगाभोवती कापड ओढून घेतलंय आणि ती खाली वाकलीये, बापाने स्वतःलाच हातांनी आवळून धरलंय.

मैत्रीण म्हणाली, "अठरा वर्षं? मला तर पुढचा आठवडा काढायचाय."

बरोबर आहे तिचं. पण मला त्या गोष्टीतून जे दिसतं ते हे की खऱ्या दुःखावर काम करायचं असेल तर ते सोडूनही देता येतं. वर्षानुवर्षं बाजूला ठेवता येतं. कोल्विट्झने त्या मधल्या काळात इतर कामं केली, चित्रं, छापे, पोस्टर्स. ती त्या एकाच शिल्पासमोर रडत बसली नव्हती. त्यामुळे मी मैत्रिणीला म्हटलं, भावाचं चित्र आत्ता नको, त्याचं घड्याळ काढ. घड्याळ तिच्याकडेच आहे. तिने काढलं, मला दाखवलं नाही, आणि मी मागितलं पण नाही. नंतर एवढंच म्हणाली की पट्ट्याला जिथे रोज बकल लागायचं तिथलं भोक मोठं झालंय, हे तिला आधी कधी दिसलंच नव्हतं.

येत नाही म्हणणाऱ्यांसाठी. "अगं तुला येतं म्हणून, आम्हाला सरळ रेघ मारता येत नाही." एक तर सरळ रेघ मलाही मारता येत नाही, पट्टी असते त्यासाठी. दुसरं, २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक छोटासा अभ्यास केला होता, ३९ प्रौढ माणसं, प्रत्येकाला ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज जे हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं, म्हणजे ताणाशी संबंधित हार्मोन. साधारण पंचाहत्तर टक्के लोकांचं कमी झालं, आणि आधी कधी चित्रकला केलीये की नाही याने फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, सगळी निरोगी माणसं होती, त्यामुळे त्यावरून "कला हे औषध आहे" असे बोर्ड रंगवायची गरज नाही. पण "मला येत नाही" हे कारण मात्र त्यातून निकालात निघतं. माझं तर उलट मत झालंय, ज्यांना चांगलं येतं त्यांना हे जास्त अवघड जातं, कारण त्यांचं अर्धं लक्ष चित्र कसं होतंय याकडे असतं. ब्लाइंड कॉन्टूर मला म्हणूनच आवडतं, त्यात चांगलं यायची सोयच नाही.

आणि कृपा करून लगेच इन्स्टावर टाकू नका. मी काही नैतिक वगैरे बोलत नाहीये, टाकायचं तर टाका, पण नंतर, बरं वाटत असताना. वाईट दिवशी काढलेलं चित्र पोस्ट केलं की दोनपैकी एक होतं. लाइक आले नाहीत तर आधीच्या रडगाण्यात एक नवीन कडवं. आणि आले तर पुढच्या वेळी बसताना डोक्यात आपोआप येतं की मागचं आवडलेलं लोकांना, तसंच काहीतरी करू. म्हणजे जी एक जागा परफॉर्मन्सपासून सुटलेली होती तिथेही परत परीक्षा सुरू. घरातलं कौतुक पण त्यातलंच, "अय्या किती छान, फ्रेम कर ना", "विकत का नाहीस तू". प्रेमाने म्हणतात, कळतं मला. मी आता वही कपाटात ठेवते.

घाबरायला होतं, छातीत धडधडतं, तसले दिवस असतील तर मात्र पेन्सिलीपेक्षा मला वॉटरकलर बरे वाटतात. कारण त्यात आपलं फारसं चालत नाही. अर्धवट वाळलेल्या रंगाला ओला ब्रश लागला की पाणी वाळत आलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि एक दातेरी कडा उमटते, ती पुसता येत नाही, नीट करायला गेलं की अजून बिघडते. तिथे थांबून बघत बसायचं की हे कुठपर्यंत पसरतंय. ज्या माणसाला प्रत्येक गोष्ट हातात ठेवायची सवय आहे, म्हणजे मी, त्याला हे आधी छळ वाटतं आणि मग हळूहळू बरं वाटायला लागतं. सगळ्यांना वाटेल असं नाही. एकाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला मला वॉटरकलरने अटॅक यायचा बाकी राहिला होता, मी पत्र्याच्या डब्यावर हातोडीने ठोकतो. ठोका की मग, काय हरकत आहे.

असेही दिवस असतात की वही उघडली जात नाही. पेन्सिल दोन हातांवर असते आणि ती उचलणं हे डोंगर उचलण्याएवढं काम असतं. त्या दिवशी "चित्र काढ, बरं वाटेल" हे वाक्य कोणी म्हटलं तर ते शिवीसारखं लागतं. असे दिवस लागोपाठ यायला लागले, झोप-भूक गेली, किंवा आपण नसलेलंच बरं असे विचार यायला लागले, तर वही राहू दे बाजूला, घरातल्या कोणाला तरी त्याच दिवशी सांगा आणि डॉक्टरकडे जा. आर्ट थेरपी म्हणून जे असतं ते वेगळं, तिथे शिकलेला थेरपिस्ट समोर असतो, चित्रातून काय वर येतंय ते सांभाळायला. घरी एकटीने खुर्ची काढणं म्हणजे थेरपी नाही. माझी तरी ती तग धरायची एक सवय आहे, गोळ्या आणि काउन्सेलिंगच्या जोडीने चालणारी.

सामानाबद्दल बऱ्याच जणांचे मेसेज येतात म्हणून लिहिते. महागडी स्केचबुक घेऊ नका, तिच्या पहिल्या पानाचीच भीती वाटते. पाठकोरे कागद क्लिपला लावले तरी चालतात. एक मऊ पेन्सिल, ४बी किंवा ६बी. खोडरबर नको, असला की हात सारखा तिकडे जातो. वस्तू अशी घ्या जिच्याशी फार आठवणी जोडलेल्या नाहीत (भावाचं घड्याळ ही पुढची पायरी आहे). बोळा केलेला कागद चांगला, चप्पल चांगली, स्वतःचा डावा हात तर सगळ्यात सोयीचा, कायम बरोबर असतो. खुर्चीचा कंटाळा आला तर खुर्ची न काढता तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागा काढून बघा, नुसते ते आकार, डोकं थोडा वेळ गरगरतं आणि मग खुर्ची आपोआप दिसायला लागते.

आणि मागे तारीख टाका. शक्य असेल तर किती तास झोप झाली तेही. याचा फायदा मला अपेक्षित नव्हता तिथे झाला. डॉक्टर दर वेळी विचारतात, महिना कसा गेला, आणि मला खरंच आठवत नाही, डिप्रेशनमध्ये सगळे दिवस एकमेकांत कालवल्यासारखे होतात, मग मी "ठीक" म्हणून मोकळी होते. एकदा तो क्लिपचा गठ्ठाच घेऊन गेले. त्यांनी एकेक कागद उलटा केला, तारखा बघितल्या, झोपेचे आकडे बघितले, आणि मध्ये जिथे लागोपाठ कितीतरी दिवस काहीच नव्हतं तिथे बोट ठेवून विचारलं, "इथे काय झालं होतं?" मग आम्ही त्याबद्दल बोललो, गोळीची वेळ बदलली. चित्रांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला त्यांचं ते भयंकर आवडलं.